पदव्युत्तर विद्यार्थी भीमराव आंबेडकर

जरीपटक्यात किंवा शेजारच्या इंदोऱ्यात तुमचे येणेजाणे असेल, तर निळा कोट घातलेल्या आणि हातात पुस्तक धरलेल्या त्या पुतळ्यापाशी तुम्ही कधी ना कधी थबकला असाल. १४ एप्रिलच्या संध्याकाळी या भागात पाय ठेवायला जागा उरत नाही. पुतळ्याच्या हातातले पुस्तक कोणते असे लहान मुलालाही विचारा, ते ताबडतोब भारताची राज्यघटना असे उत्तर देईल. उत्तर बरोबर आहे. परंतु ते पुस्तक हातात येण्यापूर्वी या पुरुषाने आणखी काही पुस्तके स्वतः लिहिली होती, आणि त्यांची नावे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असतात. ती पुस्तके म्हणजे एका पदव्युत्तर विद्यार्थ्याचे प्रबंध होत. सरकारची तिजोरी कशी भरते, कोण रिकामी करतो आणि कोणाला विचारून, एवढाच रूक्ष विषय त्यांत आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे सबंध चरित्र या पानांत मावणार नाही. त्यांच्या जीवनातील विद्यार्थिदशेचा भाग तेवढा आपल्यासमोर ठेवण्याचा माझा विचार आहे.

असे करण्यास एक निमित्त घडले. मध्यंतरी या भागातील एका गृहस्थांनी मला रस्त्यात थांबवून विचारले की मुलगी बी. ए. झाली आहे, आता राज्यशास्त्रात एम. ए. करावयाचे म्हणते, तर त्याचा उपयोग काय? डॉक्टरकी, इंजिनियरिंग, डी. एड. हे त्यांना समजत होते. राज्यशास्त्र म्हणजे पुढाऱ्यांची भाषणे, आणि ती तर फुकट ऐकावयास मिळतात, असे त्यांचे म्हणणे. मी त्यांना रस्त्यात उभ्या उभ्या उत्तर देऊ शकलो नाही. खाली जे लिहिले आहे ते त्यांच्यासाठीच आहे असे समजावे.

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे गावचे. वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत शिकवीत असत. साताऱ्याच्या शाळेत मुलांपासून दूर, घरून नेलेल्या गोणपाटावर बसणे, पाणी वरून ओतले गेले तरच पिणे, हा सर्व इतिहास आपण जाणताच, म्हणून त्याचा विस्तार करीत नाही. एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. हायस्कुलात त्यांना संस्कृत घ्यावयाचे होते, ते अस्पृश्य म्हणून मिळाले नाही, आणि त्यांनी फारसी घेतली. ज्या घरांत सादी आणि हाफिज यांची नावे आजोबांच्या तोंडी असत, त्या घरांतील वाचकांना हे वाचून बरे वाटेल. परंतु भीमरावांना संस्कृत नाकारल्याची बोच जन्मभर राहिली, आणि पुढे ती भाषा त्यांनी स्वतःच्या प्रयत्नाने आत्मसात केली, हेही तितकेच खरे.

१९०७ साली ते मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले. त्या निमित्त भरलेल्या सत्कारसभेत कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. केळूसकरांनीच पुढे या मुलाची गाठ बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याशी घालून दिली, आणि महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू केली. मधल्या माणसाचे हे काम फार मोठे असते. पैसे देणारा एक असतो, घेणारा एक असतो, पण दोघांना एकमेकांचा पत्ता सांगणारा कोणी नसला तर शिष्यवृत्ती कागदावरच राहते. आपल्या मोहल्ल्यातही असे केळूसकर हवेत, एवढे जाता जाता म्हणून ठेवतो.

बी. ए. झाल्यावर जानेवारी १९१३ मध्ये भीमराव बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, आणि २ फेब्रुवारीला वडील वारले. त्याच वर्षी महाराजांनी काही विद्यार्थी अमेरिकेस पाठविण्याचे ठरविले. ४ जून १९१३ रोजी करारावर सही झाली: तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड मिळतील, आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी लागेल. कोणता विषय शिकणार असे महाराजांनी विचारले असता समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि विशेषेकरून सार्वजनिक वित्तव्यवस्था असे उत्तर त्यांनी दिल्याचे चरित्रकार लिहितात. वाचकहो, बावीस वर्षांच्या मुलाचे हे उत्तर लक्षात ठेवा. घरात पत्नी रमाबाई, मोठे कुटुंब, कर्ता पुरुष नुकताच गेलेला. अशा वेळी वकिली, डॉक्टरकी यांसारखा ताबडतोब पैसा देणारा विषय कोणीही निवडला असता.

जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विद्याशाखेत दाखल झाले. या विद्याशाखेत त्या काळी राज्यशास्त्राबरोबर अर्थशास्त्र, इतिहास आणि समाजशास्त्र हे विषय एकाच छताखाली शिकविले जात. विद्यार्थ्याने आपल्या आवडीप्रमाणे अभ्यासक्रम निवडावेत, अशी तेथील रीत होती. आपल्याकडे पेपर ठरलेले, पुस्तके ठरलेली, प्रश्नसुद्धा जवळजवळ ठरलेले. त्यामुळे तिकडे गेलेला आपला विद्यार्थी प्रथम गांगरून जातो. भीमराव गांगरले नाहीत, उलट त्यांना हे भांडार लुटावे तितके थोडे वाटले. विद्यापीठाच्या नोंदींप्रमाणे तीन वर्षांत त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम घेतले. शिवाय फ्रेंच आणि जर्मन भाषांचा प्रत्येकी एक प्राथमिक वर्ग.

हे आकडे उगाच दिलेले नाहीत. राज्यशास्त्र म्हणून ज्याला म्हणतात त्याचे अभ्यासक्रम तीनच, आणि तरीही राज्यकारभाराचा इतका सखोल अभ्यासक आपल्या देशात त्या पिढीत क्वचितच दुसरा झाला असेल. कारण सरकार समजून घ्यावयाचे तर पैशाचा इतिहास, समाजाची घडण आणि माणसाची समजूत या तिन्ही बाजूंनी जावे लागते, हे त्यांनी ओळखले होते. जॉन ड्युई यांच्या व्याख्यानांचा त्यांच्यावर खोल ठसा उमटला. लोकशाही ही केवळ सरकार चालविण्याची पद्धत नव्हे, एकत्र राहण्याची रीत आहे, हा विचार पुढे त्यांच्या लेखनात वारंवार येतो, त्याचे मूळ या वर्गात आहे. अर्थशास्त्राचे प्राध्यापक एडविन सेलिग्मन हे करविषयक शास्त्रातील त्या काळचे मोठे नाव. प्रबंधाचे मार्गदर्शन त्यांचेच.

त्या दिवसांत लाला लजपतराय अमेरिकेत होते आणि हिंदी विद्यार्थ्यांना चळवळीत ओढीत होते. भीमरावांशीही त्यांच्या भेटी झाल्या. परंतु आधी अभ्यास पुरा करावयाचा, या निश्चयापासून ते ढळले नाहीत. राजकारण शिकावयास आलेल्या विद्यार्थ्याने राजकारणापासून दूर राहावे यात काहींना विरोधाभास वाटेल. मला तो वाटत नाही. पोहणे शिकण्यापूर्वी पुरात उडी घेतलेली पुष्कळ तरुण मंडळी मी पाहिली आहेत.

राहणे वसतिगृहात. तेथेच नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याशी त्यांची मैत्री जमली, ती जन्मभर टिकली, आणि तिचा उपयोग कोठे झाला ते पुढे येईलच. खर्च बेताचा, घरी पैसे पाठवावे लागत. उरलेल्या पैशांतून जुन्या पुस्तकांच्या दुकानांत खरेदी चाले. सुमारे दोन हजार पुस्तके त्यांनी जमविली होती असे चरित्रकार सांगतात. याच काळात वडिलांच्या एका स्नेह्यास लिहिलेल्या पत्रात त्यांनी मुलांच्या बरोबरीने मुलींनाही शिकविण्याचा आग्रह धरला होता. ज्या गृहस्थांचा उल्लेख मी आरंभी केला त्यांनी ही ओळ दोनदा वाचावी.

१९१५ साली ते एम. ए. झाले. ईस्ट इंडिया कंपनीचा राज्यकारभार आणि वित्तव्यवस्था हा त्यांनी त्या वर्षी सादर केलेला प्रबंध. १९१६ च्या मे महिन्यात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चावर्गात त्यांनी भारतातील जातींची घडण आणि उत्पत्ती यावर निबंध वाचला. वय पंचवीस. तो निबंध पुढील वर्षी छापूनही आला. आणि त्याच सुमारास डॉक्टरेटचा प्रबंध स्वीकारला गेला, जो पुढे वाढवून १९२५ साली लंडनच्या पी. एस. किंग आणि सन या प्रकाशकांनी 'ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेची उत्क्रांती' अशा अर्थाच्या इंग्रजी नावाने छापला. प्रस्तावना सेलिग्मन यांची, अर्पणपत्रिका सयाजीरावांना. छापील प्रती सादर केल्यावाचून पदवी देत नसत, त्यामुळे पीएच. डी. प्रत्यक्ष हाती पडली ती १९२७ साली.

या प्रबंधात आहे तरी काय? थोडे सविस्तर सांगतो, कारण विषय नीरस म्हणून सगळेच चरित्रकार येथून घाईने पुढे जातात.

एकत्र कुटुंबाची कल्पना करा. कर्ता एक, भाऊ अनेक. १८३३ च्या सनदी कायद्यापूर्वी प्रत्येक भावाचा, म्हणजे मुंबई, मद्रास, बंगाल या इलाख्यांचा, चुलाही वेगळा आणि गल्लाही वेगळा होता. १८३३ नंतर सगळ्यांची कमाई कर्त्याकडे, म्हणजे मध्यवर्ती सरकारकडे, जमा होऊ लागली. भावांनी कमवावयाचे आणि गरज पडेल तेव्हा हात पसरावयाचा. परिणाम काय झाला असेल ते एकत्र कुटुंबात वाढलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. जो मोठ्याने मागेल त्याला जास्त मिळे. कमाईत काटकसर करण्याचे कोणालाच कारण उरले नाही, कारण वाचविलेला पैसा आपल्या घरी थोडाच राहणार! १८५७ नंतर कर्जाचा बोजा वाढला, तूट येऊ लागली, आणि हे असे चालणार नाही हे सरकारच्या ध्यानात आले. लॉर्ड मेयो यांच्या कारकिर्दीत, १८७१ पासून, तुरुंग, पोलीस, शिक्षण, औषधोपचार, नोंदणी, छपाई, रस्ते, इमारती अशी काही खाती प्रांतांकडे सोपवून त्यांच्यासाठी वर्षाला ठोक रक्कम बांधून दिली गेली. म्हणजे हातखर्च ठरला. १८७७ पासून ठोक रकमेच्या जोडीला उत्पन्नाच्या काही बाबीच प्रांतांना तोडून दिल्या. म्हणजे एका शेताचे पीक तुझे. १८८२ पासून जमीनमहसुलासारख्या मोठ्या बाबींत वाटा ठरविण्यात आला. या तीन पायऱ्या आंबेडकरांनी सरकारी अहवाल आणि हिशेबाच्या चोपड्या चाळून, आकड्यांनिशी, प्रथमच एका सलग कथेसारख्या मांडल्या.

पण खरी गोम पुढेच आहे. हे सर्व होऊनही प्रांतांच्या हाती कायद्याने आपले असे काहीच नव्हते, असा त्यांचा निष्कर्ष. कर्त्याने आज दिले ते उद्या काढून घेतले तर दाद मागावयास जागा नाही. आणि कर्ता तरी कोणाला जबाबदार? ज्यांच्याकडून कर घ्यावयाचा त्यांना तो जबाबदार नव्हता. म्हणून शिक्षणासारख्या लोकोपयोगी बाबींवर खर्च करताना हात आखडे आणि इतरत्र सैल सुटे. १९१९ च्या सुधारणांतील द्विदल राज्यपद्धतीवरही त्यांनी शेवटच्या भागात कडक टीका केली आहे: एकाच सरकारचे दोन तुकडे करून अर्धे मंत्री लोकांना जबाबदार आणि अर्धे गव्हर्नरला, अशा गाड्याची दोन चाके दोन दिशांना जाणारच. ही टीका कोणा चळवळ्याची नव्हे, हिशेब तपासलेल्या माणसाची होती, आणि म्हणूनच तिला उत्तर देणे कठीण गेले.

१९१६ च्या ऑक्टोबरात ते लंडनला गेले. ग्रेज इन येथे बॅरिस्टरीसाठी आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये पुढील अभ्यासासाठी नाव घातले. इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयाची दारे आता उघडी झाली होती. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये सर्व काही अर्धवट टाकून परत यावे लागले. विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येण्याची मुभा दिली, हाच काय तो आधार. महायुद्ध चालू होते. सामान आणि पुस्तके ज्या बोटीने येत होती ती जर्मनांनी बुडविली.

कराराप्रमाणे ते बडोद्यास गेले. महाराजांचे लष्करी सचिव म्हणून नेमणूक झालेली, कोलंबियाचा एम. ए., आणि त्या शहरात राहावयास जागा नाही! एका पारशी धर्मशाळेत ते नाव लपवून राहिले. जात उघडकीस येताच काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती अशा दोन मित्रांकडे त्यांनी आसरा मागितला, दोघांनीही अडचणी सांगितल्या. आगगाडीची वेळ होईपर्यंत ते एका बागेत बसून राहिले. वाचकहो, भाड्याच्या खोलीसाठी नाव सांगताच दार लोटले जाण्याचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना मी येथे अधिक काय सांगावे?

मुंबईस परत आल्यावर १९१८ साली ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार दरमहा ४५० रुपये. त्याच वर्षी हिंदुस्थानातील लहान शेतांचे तुकडे आणि त्यावरील उपाय हा त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. तुकडे जोडून शेती सुधारेल असे जो तो म्हणत होता. आंबेडकरांनी प्रश्न उलटा करून दाखविला: शेत लहान की मोठे हे त्याच्या आकारावरून ठरत नाही, त्यावर राबणारी माणसे आणि अवजारे किती यावर ठरते, शेतीवर विसंबलेली जादा माणसे उद्योगधंद्यांत गेल्यावाचून तुकडे जोडून भागणार नाही. सरकारचे धोरण ठरविताना रोगाचे नाव बरोबर सांगता येणे ही पहिली पायरी. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी विदर्भातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या प्रश्नावर बोलणाऱ्याने हा लेख वाचल्याशिवाय बोलू नये.

१९१९ च्या जानेवारीत मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे त्यांची साक्ष झाली, १९२० च्या जानेवारीत शाहू महाराजांच्या साहाय्याने 'मूकनायक' निघाले. त्याच वर्षी मेअखेरीस शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली ती आपल्या नागपुरात, आणि तीस प्राध्यापक आंबेडकर उपस्थित होते. नागपूरशी त्यांचा हा आरंभीचा संबंध. मान मिळू लागला होता, पत्र हाती होते, समाज मागे उभा राहत होता. अशा ऐन भरात, जुलै १९२० मध्ये, ते पुन्हा विद्यार्थी होण्यासाठी लंडनला निघून गेले.

पैसे कोठून आणले? पगारातून वाचविलेले होते, शाहू महाराजांनी काही दिले, आणि पाच हजार रुपये कर्जाऊ दिले ते नवल भथेनांनी. तिकडे एक वेळ पोटभर जेवणही चैन वाटावी असे दिवस गेले. सकाळी ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय उघडताच आत जावयाचे आणि बंद होताना बाहेर पडावयाचे. इकडे परळच्या चाळीत रमाबाई संसार ओढीत होत्या. त्यांची काही मुले एकामागून एक गेली. एका घरातील एक माणूस शिकतो तेव्हा त्याच्या शिक्षणाची फी दुसरेच कोणी तरी भरत असते. रमाबाई १९३५ साली वारल्या, आणि त्यांनी भरलेल्या फीची पावती कोणत्याही विद्यापीठाच्या दप्तरात नाही.

१९२१ मध्ये एम. एस्सी. मिळाली. विषय पुन्हा प्रांत आणि केंद्र यांच्यातील वित्तीय विकेंद्रीकरणाचाच. १९२२ मध्ये बॅरिस्टरी झाली आणि त्याच वर्षी 'रुपयाचा प्रश्न: उगम आणि उपाय' हा डी. एस्सी.चा प्रबंध सादर झाला. रुपयाची किंमत कोणी आणि कशी ठरवावी, हा वाद तेव्हा जोरात होता. केन्स यांच्यासारख्या विद्वानाने सुवर्ण विनिमय पद्धतीची तरफदारी केली होती. आंबेडकरांचे म्हणणे असे की या पद्धतीत नाणे किती पाडावयाचे हे सरकारच्या मर्जीवर राहते, आणि मर्जीचे ओझे शेवटी महागाईच्या रूपाने गरिबाच्या पाठीवर येते; म्हणून सरकारचे हात बांधणारी पद्धत हवी. प्रबंधातील सरकारवरील टीका परीक्षकांना झोंबली आणि मांडणी बदलण्यास त्यांना सांगण्यात आले. खिशातले पैसे संपले होते. १९२३ च्या एप्रिलात ते मुंबईस आले, येथूनच सुधारलेली प्रत पाठविली, आणि नोव्हेंबरमध्ये पदवी मिळाली. पुस्तकाला प्रस्तावना लिहिताना त्यांचे गुरू एडविन कॅनन यांनी आपला मतभेद उघड नमूद केला आणि तरीही ताज्या विचाराबद्दल शिष्याची पाठ थोपटली. आपल्या विद्यापीठांतून हे दृश्य किती वेळा दिसते? १९२५ च्या डिसेंबरात चलनविषयक हिल्टन यंग आयोगापुढे आंबेडकरांनी साक्ष दिली, ती याच ग्रंथाच्या जोरावर.

येथपर्यंतचा काळ दहा वर्षांचा. त्यानंतरचे महाड, नाशिक, गोलमेज परिषद, पुणे करार हे सर्व आपणांस माहीत आहे. माझ्या विषयापुरते सांगावयाचे तर असे की जेथे जेथे ते गेले तेथे तेथे दहा वर्षांचा हा अभ्यास बरोबर गेला. मुंबईच्या कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना तो दिसतो. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा कारखान्यातील कामाचे तास कमी करण्याचा कायदा, कामगार विनिमय केंद्रे, दामोदर आणि महानदी खोऱ्यांच्या योजना यांतून तो दिसतो. १९४२ च्या जुलैत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली, तीही नागपुरातच.

त्यांच्या सर्वच मतांशी या स्मरणिकेचे वाचक सहमत होतील असे नाही. १९४० साली त्यांनी पाकिस्तानच्या मागणीवर ग्रंथ लिहिला, त्यातील काही पाने आपणांस कठोर वाटतील, मलाही वाटली. परंतु त्या ग्रंथाची मांडणी पाहा. मुसलमानांची बाजू वेगळी, हिंदूंची बाजू वेगळी, प्रत्येकीला तिच्या वकिलाने मांडावी तशी पूर्ण संधी, आकडे, नकाशे, आणि मग आपले मत. ज्याच्याशी आपले पटत नाही त्याचे म्हणणे त्याला स्वतःला पटेल अशा शब्दांत सांगता येणे हीच या विद्येची खरी परीक्षा.

१९४६ साली ते बंगालमधून घटना समितीवर निवडून आले. फाळणीमुळे ती जागा गेली आणि १९४७ मध्ये ते मुंबईतून पुन्हा निवडून आले. २९ ऑगस्ट १९४७ रोजी सात जणांची मसुदा समिती नेमली गेली, तिचे ते अध्यक्ष झाले. त्या सातांत आसामचे सय्यद मुहम्मद सादुल्ला हेही होते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? बी. एन. राव यांनी पहिला आराखडा केला होता, आणि त्याचे श्रेय आंबेडकरांनी भर सभागृहात त्यांना दिले. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचविल्या गेल्या आणि त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. सभागृहात त्यांना उत्तरे देण्याचा भार मुख्यतः त्यांच्यावरच पडला, आणि तोही प्रकृती खालावलेली असताना.

आता घटनेचे २८० वे कलम काढा. राष्ट्रपतींनी दर पाच वर्षांनी, किंवा त्याआधीही, एक वित्त आयोग नेमावा, आणि केंद्राने गोळा केलेल्या करांतील राज्यांचा वाटा कसा असावा याची शिफारस त्या आयोगाने करावी, असे त्यात आहे. पहिला आयोग १९५१ साली के. सी. नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली नेमला गेला, सोळावा २०२३ च्या अखेरीस अरविंद पनगढिया यांच्या. न्यूयॉर्कच्या वसतिगृहात बसून एका विद्यार्थ्याने जो दोष शोधला होता, की भावांना दाद मागावयास जागा नाही, त्यावरचा हा इलाज होय. एकट्या आंबेडकरांच्या डोक्यातून तो निघाला असे मी म्हणत नाही, त्यामागे पुष्कळांचा विचार होता. पण ज्या अध्यक्षाने तो सभागृहात पार पाडला त्याला त्या कलमातील प्रत्येक शब्दामागचा शंभर वर्षांचा हिशेब तोंडपाठ होता. सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकाचे पद त्यांनी न्यायमूर्तींपेक्षाही महत्त्वाचे मानले, तेही याच अभ्यासातून.

१९५५ साली भाषावार राज्यांवर लिहिताना मराठी मुलखाची एकाहून अधिक राज्ये करावीत आणि आपला हा पूर्व भाग वेगळा असावा, असे त्यांनी सुचविले. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशची राजधानी होते. सूचना मानली गेली नाही, पण वेगळ्या विदर्भाचा विषय निघाला की तिची आठवण आजही दोन्ही पक्ष आपापल्या सोयीने काढतात.

पदव्यांचा मान त्यांना उशिरा मिळाला. १९५२ मध्ये कोलंबियाने आणि १९५३ मध्ये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट दिली. मध्यंतरी पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत, पुढे मिलिंद म्हणून प्रसिद्ध झालेले, महाविद्यालय त्यांनी काढले होते. निवडणुकांत मात्र यश नव्हते. १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही ते हरले. राज्यकारभाराचा एवढा मोठा जाणकार, आणि आपल्याच विदर्भातील मतदारांनी त्याला घरी बसविले!

१९५६ च्या जुलैत, शरीर थकलेले, डोळे अधू झालेले असताना, त्यांनी मुंबईत एक लहानशी शाळा सुरू केली. राजकारणात प्रवेश करू इच्छिणाऱ्यांसाठी प्रशिक्षणाची ती शाळा होती. निवडून येण्यापूर्वी उमेदवाराला कायदेमंडळाचे नियम, अर्थसंकल्प, घटना आणि भाषणाची रीत माहीत असावी, असा त्यामागील हेतू. विद्यार्थी थोडेच होते. १४ ऑक्टोबरला नागपुरात दीक्षाभूमीवर लाखोंच्या समुदायासह त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि ६ डिसेंबर रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. त्यानंतर काही महिन्यांतच ती शाळा बंद पडली.